राखणदाराच्या अंगावरचा बाण

नले, राखणदाराचा शेंदूर पडला. कुणी नख लावलं नाही, रॉकेल लावलं नाही, खरवडला नाही. आपल्या डोळ्यांदेखत सगळा थर सुटून खाली आला आणि तू म्हणत होतीस तो बाण खाली निघाला. आपल्या म्हणते आहे खरी, पण तू नव्हतीस. एवढा आनंदाचा दिवस आणि मी चाळभर तुला शोधत होते. दोनदा तर तुझ्या दारापर्यंत जाऊन कुलूप बघून परत आले.

आता तुला पहिल्यापासून सांगते. तुला माहीत आहे ते सुद्धा सांगणार आहे, कारण मला सांगायची हुक्की आली आहे आणि तुला मध्येच तोडता येणार नाही. उभ्या आयुष्यात ही संधी मला पहिल्यांदा मिळते आहे.

आपली चाळ आणि मागच्या लष्करी बराकी यांच्यामधला तो मातीचा पट्टा. काळाचौकीत एवढी मोकळी जागा आता कुणाच्या नशिबात आहे? तिथे आपण लगोरी खेळलो, तिथे तुझ्या आईने कुळथाची पिठी वाळवली, तिथेच मंडळाचा गणपती बसतो. माझ्या लग्नाचा मांडव तिथे होता. माझं सासर आणि माहेर एकाच जिन्यावर, त्यामुळे वरात त्या पट्ट्याला एक फेरी मारून परत त्याच दारातून आत आली आणि तू हसून हसून अक्षता सांडल्यास. तुझी तिरडीही तिथेच बांधली, नले. मी गॅलरीतून बघत होते. खाली उतरायचं माझ्याने झालं नाही.

पट्ट्याच्या पलीकडे काटेरी तार आणि तारेपलीकडे बराकी. तुझ्या आईचं घड्याळ म्हणजे तिथला बिगुल. “बिगुल वाजलो, उठा गो,” ही तिची हाक मला माझ्या खोलीत ऐकू यायची. गिरणीचा भोंगा बापयांसाठी आणि बिगुल बायकांसाठी, असं ती म्हणायची. बिगुलावर चूल पेटायची.

आपण तारेखालून आत घुसायचो ते चिंचांसाठी. निदान मी तरी चिंचांसाठी. तू मात्र चिंचा सोडून भिंती बघत बसायचीस. त्या लांबलचक दगडी इमारतीच्या भिंतीत लोखंडी कड्या होत्या, कमरेच्या उंचीला, सारख्या अंतरावर. मी म्हटलं, कैद्यांना बांधत असतील. तू म्हणालीस, कैद्याला एवढ्या मोठ्या खिडक्या कोण देतं. मग तू फरशीवर पालथी पडून बघितलंस आणि ओरडलीस की फरशी उतरती आहे, मधून पन्हळ काढली आहे. घोडे बांधायची जागा होती ती, शैले, घोडे! पहारेकरी धावत आला. तुझ्या परकराला शेणासारखं काहीतरी लागलं होतं आणि तू त्यालाच विचारत होतीस की इथे घोडे कधीपर्यंत होते. तो बिचारा पंजाबकडचा. त्याने आपल्या ओच्यात आणखी चिंचा टाकल्या आणि हाताने बाहेरची वाट दाखवली.

तेव्हापासून तुला त्या बराकींचं वेड लागलं ते लागलंच. तुझे बाबा सांगायचे की मोठ्या लढाईच्या वेळी सगळं मैदान तंबूंनी भरलं होतं. संध्याकाळी बँड वाजायला लागला की पोरं तारेला लटकायची, कारण बँड वाजला म्हणजे एक तुकडी रांगेने गोदीकडे निघणार आणि तिथून बोटीवर चढणार. जाताना शिपाई पोरांना बिस्किटं द्यायचे. परत येताना बँड नसायचा, असं बाबा म्हणायचे. तू ती गोष्ट दर वेळी नव्याने ऐकायचीस. कुठला दरवाजा, कुठली वाट, झाडं होती की नव्हती, असले प्रश्न विचारून त्यांना हैराण करायचीस. बायका माहेरची आठवण काढतात तशी तू त्या मैदानाची काढायचीस.

आणि पट्ट्याच्या टोकाला, तारेच्या आत नाही आणि चाळीलाही लागून नाही, असा भोकराच्या झाडाखाली आपला राखणदार. मांडीएवढ्या उंचीचा, शेंदराने गोल झालेला. चाळीच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालणारे आपले म्हातारे दाजी, त्यांच्या आजोबांनी तो पहिल्यांदा बघितला, मालवणातून गिरणीत लागायला आले तेव्हा. अनोळखी मुलुख, शेजारी गोऱ्यांची पलटण आणि झाडाखाली एक उभा दगड, त्यावर त्रिशूळ कोरलेलं. आपल्या माणसाला आणखी काय पाहिजे? त्यांनी नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं आणि जागेला धनी मिळाला. तेव्हापासून दर वर्षी शेंदराचा एक हात. त्रिशूळ बघितलेलं शेवटचं माणूस कधीच गेलं, पण ते आत आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तू शिवडीच्या गोदामात मालाची मोजदाद करायला, टॅली क्लार्क म्हणून लागलीस आणि तिथून भांडण सुरू झालं. एका दुपारी तू मला हट्टाने तिथे घेऊन गेलीस. गोदामामागे, खाजणाच्या कडेला, चिखलात असाच एक दगड. त्यावर शेंदूर नव्हता. तीन रेघा एका टोकाला मिळालेल्या, कोंबडीच्या पायाच्या ठशासारख्या. कुणीतरी त्याला बकरी बांधली होती. तू मोठ्या थाटात सांगितलंस की हा बाण आहे, इंग्रज सरकारचा लष्करी शिक्का, आणि हा हद्दीचा दगड आहे. आपला राखणदारही असलाच दगड, आणि त्याचं त्रिशूळ म्हणजे हाच बाण. मी नीट बघितलं, हात जोडले आणि म्हटलं, “अगंबाई, म्हणजे इथेही राखणदार आहे.” तू हसता हसता त्या चिखलातच बसलीस. साडी माझी होती, हे मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आताही सांगते.

त्यानंतर कित्येक वर्षं आपलं ठरलेलंच होतं. राखणदाराला वर्षाचा नारळ फोडतात त्या दिवशी तू सगळ्यांच्या पुढे उभी. हात जोडायचे नाहीत, पण खोबऱ्याचा मोठा तुकडा पहिला उचलायचा. देव तुमचा, खोबरं माझं, असं म्हणायचीस आणि त्याची लसूण घालून चटणी करून माझ्याच घरी आणून द्यायचीस. मी म्हणायचे, ज्याला मानत नाहीस त्याचा प्रसाद कसा पचतो गं तुला? तू म्हणायचीस, लसूण घालते म्हणून पचतो.

तोवर ते लाडाचं भांडण होतं. मग बराकीची नवी भिंत आली. काटेरी तार काढून पक्की भिंत बांधायची, असं पलीकडे ठरलं आणि एके सकाळी मोजणीवाल्यांनी चुन्याची रेघ मारली ती सरळ आपल्या चाळीच्या मागच्या भिंतीला खेटून. पट्टा आत गेला. गणपती आत, भोकर आत, राखणदारही आत. बायका रडायला लागल्या. पोरं तर कुणी ताटातलं उचलून नेल्यासारखी बघत होती.

तू एकटी पदर खोचून फाटकावर गेलीस आणि मला ओढत नेलंस. तिथले सुभेदार साताऱ्याकडचे निघाले. माणूस सरळ. त्यांनी आपल्याला खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि म्हणाले, “ताई, नकाशात हद्द दगडापासून दगडापर्यंत आहे. पण या बाजूचा दगड आम्हाला सापडत नाही, म्हणून चाळीच्या भिंतीपासून मोजलं. तुम्ही खूण दाखवा, मी तिथून मोजायला लावतो.”

तुझा चेहरा आठवतोय मला. लॉटरी लागल्यासारखी उठलीस. परत येताना रस्ता ओलांडायचं भान नव्हतं तुला, मी दंडाला धरून आणली.

पण त्याच संध्याकाळी पट्ट्यावर सभेत तू काय बोललीस? घोटभर रॉकेल आणि एक फडकं द्या, अर्ध्या तासात बाण दाखवते. नले, अशी सुरुवात करतात का? दाजी उठून निघून गेले. ज्यांच्या आजोबांनी देव बसवला, ज्यांनी स्वतः एवढी वर्षं गाऱ्हाणं घातलं, त्यांच्यासमोर तू रॉकेल मागितलंस. मी तुला सगळ्यांदेखत विचारलं की दुसऱ्याच्या देवाला कपडे काढायला सांगतेस का. तू म्हणालीस, देवाला नाही, दगडाला सांगते. आणि पट्टा गेला तर तुझा देव बंदुकीच्या पहाऱ्यात बसेल, मग नारळ कुठून फेकशील?

माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. तुला वाटेल, आता मेल्यावर तरी म्हणेल. नाही म्हणणार. माणसांच्या हातून घडलेलं असलं तरी ते शेंदराचं कवच नमस्कारांनी घट्ट झालेलं होतं. त्यावर फडकं फिरवायला तूही धजावली नसतीस, तोंडाने कितीही बोललीस तरी. तसं असतं तर रॉकेल मागितलं नसतंस, सरळ घेऊन गेली असतीस. एवढी मी तुला ओळखते.

आणि मग तूच तोड काढलीस. भल्या भल्या लोकांना सुचलं नसतं. कौल लावा, म्हणालीस. ज्या दगडाला तू देव मानत नाहीस त्यालाच विचारायला तू तयार झालीस. दगडाच्या दोन्ही अंगांना ओली कळी चिकटवायची. उजवी पडली तर शेंदूर उतरवायला होकार, डावी पडली तर तू पुन्हा तोंड उघडणार नाहीस. दाजी स्वतः जिना चढून तुझ्याकडे आले. त्यांचे गुडघे कसे आहेत तुला ठाऊक आहे. त्यांनी तुझ्याकडचा चहा घेतला आणि जाताना तुझ्या डोक्यावर हात ठेवला. तू नंतर मला विचारलंस, शैले, डावी पडली तर गं? आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की उजवीच पडू दे.

तेवढ्यात तुझं दुखणं उपटलं. दुपारच्या भेटीच्या वेळी मी हॉस्पिटलात आले, तर तुला नाकातल्या नळीची फिकीर नव्हती, भिंतीची होती. मी म्हटलं, तू घरी ये, मग कौल लावू, सगळे थांबले आहेत. तू मान हलवलीस आणि माझं मनगट पकडलंस.

“देव की दगड, ते तुझं तू बघ. पण तो उभा आहे तिथून त्याला हलू देऊ नको. बोटभरसुद्धा नाही.”

मी हो म्हटलं. मग तू विचारलंस की नारळ चांगला निवडलास ना, गेल्या वर्षीचा सडका निघाला होता. आपलं शेवटचं बोलणं सडक्या नारळावर झालं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तू गेल्यावर दाजी म्हणाले की नलूचं तेरावं झाल्याशिवाय कौल लागणार नाही. सुतक तुझ्या भावाच्या घरी, पण पाळलं सगळ्या चाळीने. तिकडे बराकीत काम थांबलं नव्हतं. मैदानाच्या कडेचा जुना चौथरा फोडायला यंत्र आलं होतं. दिवसभर ढगढग ढगढग. आमच्या मांडणीवरची भांडी वाजायची. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आणि तो दिवस उजाडला. सोमवार होता. अख्खी चाळ पट्ट्यावर, माणसं गॅलऱ्यांना लोंबकळलेली. सुभेदार आले, आपणहून बूट काढून लांब ठेवले आणि टोपी काखेत घेऊन उभे राहिले. दाजींनी राखणदाराला आंघोळ घातली, दोन अंगांना दोन कळ्या लावल्या. मी तुझ्या जागेवर उभी होते, सगळ्यांच्या पुढे. हात जोडू की नको, कळेना. शेवटी एक हात माझा म्हणून छातीशी धरला आणि दुसरा तुझा म्हणून खाली सोडला. लोकांना वाटलं हिला काही झालं.

दाजींनी गाऱ्हाणं घातलं. तुला ऐकवायलाच पाहिजे.

“बा देवा राखणदारा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत. जा काय चुकला-माकला असात ता पोटात घाल रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“आमची नलू तुका दगड म्हणा होती. तिचा पण पोटात घाल. ती आता तुझ्याचकडे इली हा. तिना जा इचारूक सांगल्यान, ताच आमी इचारतव. तुझा खरा रूप काय ता दाखव रे म्हाराजा.”

गाऱ्हाण्यात तुझं नाव, नले. दाजींच्या तोंडून.

कळ्या हलेनात. पलीकडचं यंत्रही त्या वेळी बंद होतं, सुभेदारांनी थांबवायला सांगितलं होतं. दाजींचे ओठ हलत होते. आणि मग एक आवाज आला, भाजलेला पापड मोडावा तसा. डोक्यापासून खालपर्यंत एक बारीक रेघ गेली, रुंद झाली, आणि भाकरीएवढ्या जाडीचा शेंदराचा तो अख्खा पुढचा थर दाजींच्या पायांशी आला. दोन्ही कळ्या घेऊनच. उजवीही आणि डावीही.

दाजी खाली बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “दोनी कळ्यो पडल्यो. आता देवान काय सांगल्यान म्हणू?”

मी तेवढ्यात पुढे झाले होते. दगड काळाभोर, ओला, आणि त्यावर तीन रेघा एका टोकाला मिळालेल्या. खाली दोन इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा. शिवडीच्या खाजणातला तोच ठसा, फरक एवढाच की याला कुणी बकरी बांधली नव्हती. सुभेदार गुडघ्यावर बसले, खिशातला रुमाल काढून त्यांनी अक्षरं पुसली आणि म्हणाले, “आमचाच आहे.”

“साहेब, आमचोय आसा,” दाजी म्हणाले.

सुभेदारांनी वर बघितलं आणि मान डोलावली. मग काय झालं विचारू नको. पोरं नाचायला लागली, मंडळातून ताशा आला, तुझ्या भावाने मला आणि मी दाजींना मिठी मारली. दाजींना आयुष्यात कुणी मिठी मारली नसेल. मी हसत होते आणि डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं, आणि मनात एकच, ही बया आता वर्षभर सुखाने झोपू द्यायची नाही. मग आठवलं.

अख्खी चाळ आता दोन पक्षांत वाटली आहे. दाजींचं म्हणणं, देवाला विचारलं आणि देवाने रूप दाखवलं. तुझा भाऊ म्हणतो, यंत्राच्या हादऱ्यांनी थर आधीच सुटला होता, आंघोळीचं पाणी आत गेलं, संपलं. तू भावाच्या बाजूने बोलली असतीस हे सांगायला नको. पण मी तुला विचारते, आंघोळ तर त्याला दर वर्षी घालतात. आणि यंत्र नेमकं कुणाच्या तेराव्याच्या दिवसांत आलं? दे उत्तर. रात्रभर विचार कर आणि दे.

कवच समुद्रात सोडायचं असतं. शिवडीच्या बंदरावर नेलं आम्ही, टोपलीत घालून, फुलांत. टोपली माझ्या मांडीवर होती. बघते तर थराच्या आतल्या बाजूला बाणाचा उलटा ठसा उमटलेला, स्वच्छ. एवढ्या पिढ्यांचा शेंदूर त्या तीन रेघांना आतून घट्ट धरून बसला होता. मला तो तुकडा तुला दाखवायचा होता. तुझ्या फोटोपाशी ठेवावा असंही मनात आलं, पण देवाचं देवाला द्यावं म्हणून सोडला. सोडताना हात आखडला, एवढंच.

मोजणी दगडापासून झाली. चुन्याची जुनी रेघ पोरांनी पायांनी पुसली. पट्टा बाहेर राहिला, नले. अख्खाच्या अख्खा. गणपती जागच्या जागी बसणार आहे आणि कुळथाची पिठीही वाळणार आहे, कुणी वाळवली तर.

एकच फाटा फुटला शेवटी. पाया खणायला आलेल्या मुकादमाने दोरी लावली आणि म्हणाला की भिंत सरळ न्यायची तर दगड मध्ये येतो. उचलून हातभर मागे घेऊ, नंतर सिमेंटमध्ये छान बसवून देऊ. मी दगडापुढे जाऊन उभी राहिले. बोलायला तोंड उघडणार तोच सुभेदार म्हणाले, हद्दीचा दगड हलवत नसतात. दाजी म्हणाले, राखणदाराक जाग्यावरना हलवूचो नाय. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मुकादम माझ्याकडे बघायला लागला, म्हणाला, तुमचं काय बाई? मी म्हटलं, माझं काही नाही, मी नलूकडून आले आहे.

आता पायाचा चर खणून झाला आहे. लांबून सरळ येतो, भोकरापाशी दगडाला वळसा घालतो आणि पुन्हा सरळ जातो. बाणाची बाजू उघडी ठेवायची आणि चाळीच्या बाजूला शेंदूर लावायचा, असं दोन्हीकडून ठरलं आहे. काल नारळ फोडला. चांगला निघाला, सडका नव्हता. मोठा तुकडा कुणीच उचलेना, सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी मी उचलला आणि लसूण घालून चटणी केली, तुझ्याएवढी जमली नाही. संध्याकाळी पट्ट्यावर बसले होते तर नवीन भाडेकरूंची सून विचारत आली, काकू, बाकी सगळा चर सरळ आहे, इथेच का वाकडा खणलाय? मी तिला शेजारी बसवलं. म्हटलं, बस, सांगते, आमची एक नलू होती.